अण्णांचा एकच शब्द

अण्णांना लकवा मारला त्या सकाळी मी शाळेला निघायच्या घाईत होते. भाद्रपद चालू होता. अण्णा दारात येऊन उभे राहिले आणि रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, "पेपर आला का गं?"

मी ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होते. "नाही आला अजून," असं म्हणून मी मान वर केली, तर ते चौकटीला धरून हळूहळू खाली सरकत होते. तोंडाचा उजवा कोपरा ओघळला होता. मी त्यांना काखेत धरलं. आत आईला हाक मारली. आमच्या शेजारचे चाचा समोरून दूध घेऊन येत होते. त्यांनी दुधाची किटली रस्त्यावरच ठेवली आणि धावत आले.

अण्णा जन्मभर कागदाच्या मिलमध्ये होते. जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात ते मिलवर आले आणि तिथेच रिटायर झाले. कागद तपासून, कापून, गठ्ठे बांधून बाहेर जातो त्या खात्यात त्यांचं काम होतं. कागद दोन बोटांत धरून तो जाड की पातळ, ओलसर की कोरडा हे ते सांगायचे. आमचं लहानपण मिलच्या कॉलनीत गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात, एक छोटं घर घेतलं. एकामागे एक अशा खोल्या होत्या. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि मागे भांडी-कपडे धुवायचं अंगण. माझ्याहून मोठा एक भाऊ आहे, तो नाशिकला नोकरी करतो. माझं लग्न झालं नाही. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तेव्हा घरात आम्ही तिघं होतो.

अण्णा बोलके होते. आईशी खानदेशी, मिलवाल्यांशी हिंदी आणि आमच्याशी छापील मराठी बोलायचे. कॉलनीत कुणाचा अर्ज लिहायचा असला की लोक त्यांच्याकडे यायचे. राजपुऱ्यात आल्यावर ते सकाळी ओट्यावर बसून अख्खा पेपर गल्लीला ऐकवायचे, आणि मधेमधे आपलं मतही. चाचा समोर खुर्ची टाकून बसायचे. चाचांनी चाळीस वर्षं पॉवरलूम चालवला होता आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले होते. त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं, पण ते रोज बसायचे आणि अण्णांच्या तोंडाकडे पाहत मान हलवायचे.

आम्ही अण्णांना जळगावला नेलं. भाऊ नाशिकहून थेट दवाखान्यात आला. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. उजवा हात आणि उजवा पाय हलत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी आई त्यांचे ओठ ओल्या कापडाने पुसत होती, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "पेपर."

आई रडायलाच लागली. भाऊ धावत खाली गेला आणि मिळेल तो पेपर घेऊन आला. त्याने तो उघडून अण्णांच्या समोर धरला. अण्णांनी पाहिलं. मग डाव्या हाताने तो बाजूला केला आणि परत म्हणाले, "पेपर." भावाने दुसरं पान काढलं. अण्णांनी ते पण सारलं. "पेपर, पेपर, पेपर." शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थोड्या वेळाने नर्स आली, तिने चादर वर केली तेव्हा कळलं की लघवीची नळी दुमडली होती आणि त्यांचं पोट फुगून दगड झालं होतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. ते तरुण होते, घाईत नव्हते. म्हणाले, "यांना समजतं बरंचसं. पण शब्द सापडत नाहीत. अशा काही पेशंटचा एकच शब्द उरतो. काहीही सांगायचं असलं तरी तोंडातून तोच निघतो."

"पण पेपर म्हणजे त्यांना काय म्हणायचंय?" भावाने विचारलं.

"पेपर तर नाहीच, एवढं धरून चाला."

"मग हाच शब्द का?"

"ते आम्हालाही सांगता येत नाही. कुणाचा रोजचा शब्द असतो, कुणाचा शेवटचा. एका आजी होत्या, त्या फक्त 'मंगळवार' म्हणायच्या."

अण्णांचा तो रोजचाही होता आणि शेवटचाही. मी ओट्यावरचं आमचं बोलणं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

हा शब्द मी वर्गात कितीदा शिकवला होता. दरवर्षी नववीच्या मुलींना मी फळ्यावर लिहून द्यायचे की पेपर म्हणजे कागद असेल तर त्याच्या आधी इंग्रजीतला 'अ' लागत नाही, कारण ती मोजायची वस्तू नाही. वर्तमानपत्र असेल, परीक्षेची प्रश्नपत्रिका असेल, तर लागतो. मुली विचारायच्या, "मॅडम, फिर गाडी के पेपर?" मी सांगायचे, तिथे अनेकवचन. आमच्या गावात हा शब्द इंग्रजी आहे असं कुणाला वाटतच नाही. पेपर कैसा गया, पेपर दिखाओ, मकान के पेपर किसके पास हैं, पेपर में आया है, सकाळपासून रात्रीपर्यंत लोक बोलतात. एवढ्या साऱ्या अर्थांचा शब्द अण्णांच्या वाट्याला आला हे आमचं मोठं दुर्दैव होतं. ते 'मंगळवार' म्हणत राहिले असते तर आम्ही निदान फसलो नसतो. पेपर म्हटलं की प्रत्येकाला आपापला पेपर ऐकू यायचा.

घरी आणल्यावर मधल्या खोलीत त्यांची खाट लावली, अशी की त्यांना स्वयंपाकघरातून मागचं अंगण दिसावं. आई दिवसभर तिकडेच असायची. आई लवकर शिकली. त्यांनी "पेपर" म्हटलं की ती मान वर न करता म्हणायची, "पाणी ना? थांबा," किंवा "कूस बदलायची?" आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मी विचारलं, "तुला कसं कळतं गं?"

"शब्दाले काय करायचं," ती म्हणाली. "कोणत्या वेळी बोलले, कसे बोलले, ते पाह्यचं. तुले नाही समजणार, तू मास्तरीण."

मला नाहीच समजायचं. मी शब्द शिकवणारी बाई. मी जाड पुठ्ठ्याची चित्रं केली. पेला, पंखा, भाकरी, चप्पल. संध्याकाळी शाळेतून आले की खाटेजवळ स्टूल घेऊन बसायचे. "अण्णा, हे काय? पे-ला. म्हणा, पे." ते माझ्या ओठांकडे बघायचे, सगळा जीव तोंडाशी आणायचे, आणि म्हणायचे, "पे... पेपर." पेल्याला पेपर, पंख्याला पेपर. चुकलं हे त्यांना कळायचं. सुरुवातीला ते ओशाळवाणं हसायचे. महिनाभराने त्यांनी डाव्या हाताने ते सगळे पुठ्ठे उडवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुझी शाळा बंद कर वं आता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मी पुठ्ठे गोळा केले आणि परत काढले नाहीत.

चाचा रोज दुपारी यायचे. अण्णांना बसतं करायचे, दंड चोळायचे. अण्णा त्यांच्याशी खूप बोलायचे. चढ-उतार करत, हातवारे करत, नुसतं पेपर, पेपर, पेपर. चाचा तोंडाकडे बघत "हाँ, हाँ, सही बात है" म्हणायचे. मी एकदा त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "चाचा, अण्णा क्या बोलते हैं, समझता है आपको?"

"बेटा, मेरे लिए तो पहले जैसे ही हैं," ते म्हणाले. "मैं पहले भी कहाँ सुनता था. उनका मुँह देखता हूँ. आज नाराज़ हैं, दाल में नमक कम था." आईने आतून कबूल केलं की मीठ कमी पडलं होतं.

दिवाळीला भाऊ आणि वहिनी आले. भाऊबीजेच्या दुपारी भाऊ अण्णांजवळ बसला होता. अण्णांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "पेपर." भाऊ म्हणाला, "काय अण्णा?" त्यांनी परत तेच म्हटलं, खालच्या आवाजात, दोन-तीनदा.

भाऊ उठून पुढच्या खोलीत माझ्याकडे आला. "त्यांना घराच्या पेपरांबद्दल बोलायचंय," तो म्हणाला. "घर अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांच्या मनाला तेच लागलं असणार."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?"

"डॉक्टरांना काय माहीत. माझा हात धरून म्हणाले ते. तुझा धरला का?"

दुसऱ्या दिवशी त्याने ओळखीच्या एका वकिलाकडून काहीतरी टाईप करून आणलं. माझा वाटा त्यात होता, लबाडी काही नव्हती. त्याने कागद अण्णांच्या पुढ्यात धरला, शाईचा पॅड उघडला आणि त्यांचा डावा अंगठा धरला. अण्णांनी मूठ वळली. भावाने समजावलं, "अण्णा, पेपर. तुम्हीच म्हणालात ना, पेपर." त्याने बोटं उलगडायचा प्रयत्न केला. डाव्या हातात ताकद होती. दोघांची झटापट व्हायला लागली, एका बाजूला माझा भाऊ, दुसऱ्या बाजूला खाटेवरचा म्हातारा माणूस, आणि तो "पेपर, पेपर" करत ओरडतोय. आई मधे आली. शाईचा पॅड उचलून आत घेऊन गेली.

भाऊ खाटेच्या काठावर बसून रडला. संध्याकाळी तो आणि वहिनी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परत गेले. अण्णांना त्याला काय सांगायचं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. कदाचित नुसतं जेवलास का असं विचारत असतील.

आता जे सांगायचं ते मार्चमधलं.

शाळेच्या वार्षिक परीक्षा झाल्या होत्या. नववीचे पेपर तपासायला मी घरी आणले होते, दोन दिवसांत द्यायचे होते. दुपारची जेवणं झाली. आई मागे भांडी घासायला बसली. मी पुढच्या खोलीत जमिनीवर बैठक मारून गठ्ठा सोडला. ऊन चढलं होतं, पंखा जोरात फिरत होता, आणि गल्लीच्या टोकाचे लूम चालू होते. चाचा त्या दिवशी पुतणीकडे सिंधीपुऱ्यात गेले होते.

अण्णांनी आवाज दिला, "पेपर."

मी लक्ष दिलं नाही. आई बघेल असं वाटलं. परत आवाज आला, मग परत. मग लागोपाठ, श्वास न घेता. मी लाल पेन खाली ठेवला आणि आत गेले. ते डाव्या कोपरावर अर्धे उठले होते, मान मागच्या बाजूला ताणलेली. मला बघून त्यांनी डावा हात जोरजोरात हलवला आणि ओरडले, "पेपर!"

त्या आठवड्यात मला झोप कमी होती. वर्गात सत्तर मुली, घरी हे. खिडकीत सकाळचा पेपर पडला होता. तो मी उचलला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. त्यांनी तो फेकला. मी परत उचलून ठेवला. त्यांनी परत फेकला आणि माझा पदर धरला.

मी पदर सोडवून घेतला. म्हणाले, "अण्णा, गप्प बसा जरा. मला पण पेपर आहेत."

मग मी दोन खोल्यांमधलं दार ओढलं आणि कडी लावली. त्याआधी कधी लावली नव्हती.

ते बराच वेळ ओरडत होते. दारावर काहीतरी आपटलं, बहुतेक पाण्याचा स्टीलचा पेला. मी पेपर तपासत राहिले. काही वेळाने आवाज थांबला. मला बरं वाटलं, हे खरं आहे. मी उरलेला गठ्ठा संपवला, मार्कांची बेरीज पडताळली, सुतळी बांधली. मग चहा ठेवावा म्हणून उठले आणि कडी काढली.

अण्णा खाटेवर नव्हते. खाली पडले होते, पोटावर, एक हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. एवढं अंतर ते एका हाताने सरकत गेले होते. मी त्यांना उचलायला वाकले आणि तेव्हा मला मागचं अंगण दिसलं.

आई भांड्यांशेजारी कुशीवर पडली होती. पाट बाजूला सरकला होता. तिच्या हातावरचा साबण वाळून पांढरा झाला होता, त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. मी तिला हलवलं, हाक मारली, तोंडावर पाणी मारलं. मग गल्लीत पळाले.

कोणीतरी डॉक्टरांना घेऊन आलं. त्यांनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली. विचारलं, "कितनी देर हुई?"

मी म्हणाले, "अभी. दस मिनट."

त्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. जाताना म्हणाले की हार्ट होतं, कधीकधी काहीच करता येत नाही. कधीकधी म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

भावालाही मी दहा मिनिटंच सांगितली. शेजारच्या बायकांना सांगितली. सांगून सांगून ती इतकी पक्की झाली की मधेच मला वाटायचं, दहाच असतील.

आईला नेताना अण्णांना खाटेवर बसवलं होतं. सगळ्यांना वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ अस्थी तापीत सोडून आला. मी पण गेले होते. पलीकडे जैनाबादच्या काठावर बायका धुणं धूत होत्या, आणि मला त्यांचे साबणाचे हात दिसत होते, एवढ्या लांबून दिसणं शक्य नसताना.

अण्णा माझ्या हातून जेवेनात. मी घास पुढे केला की तोंड मिटायचे. वहिनीने भरवून पाहिलं, तिच्याकडूनही नाही. चाचा आले, त्यांनी माझ्या हातातून ताटली घेतली, वरणभात कालवला आणि घास पुढे केला. अण्णांनी तोंड उघडलं. तेरावा होईपर्यंत चाचा दोन्ही वेळा येऊन भरवत होते. लोक म्हणायचे, बायको गेल्याचं दुःख आहे, होईल हळूहळू. मी पण मान डोलवायचे.

चाचांनी मला एकदाच विचारलं. ताटली धुवून ठेवताना म्हणाले, "बेटा, तुझसे क्यों नाराज़ हैं?"

मी म्हणाले, "पता नहीं, चाचा." त्यांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं. परत कधी विचारलं नाही.

भाऊ अण्णांना नाशिकला न्यायला तयार होता. अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी खाटेची कड डाव्या हाताने धरून ठेवली. मग मी शाळेत बिनपगारी रजा मागितली आणि घरी बसले. एक बाई सकाळी अंघोळ घालायला यायची, भरवायला चाचा येतच होते, बाकी मी. पाठीला व्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, औषधं कुटून ठेवायची, कपडे धुवायचे. भांडी मी स्वयंपाकघरातल्या मोरीत घासायला लागले. अंगणात बसायला मला जमलं नाही.

वैशाखात एकदा त्यांनी माझ्या हातून पाणी घेतलं. मग आठवडाभराने घास घेतला. मग हळूहळू शब्दही परत आला, पूर्वीपेक्षा कमी, दिवसातून चार-पाच वेळा. आणि आता मला तो कळायला लागला. तोंड कोरडं पडलं की तो घशात अडकून यायचा. कूस बदलायची असली की आधी एक सुस्कारा असायचा. उजेड डोळ्यांवर येत असला की तो तुटक असायचा. चाचांची वाट बघताना शेवटी लांबायचा. आईला जे महिन्याभरात आलं ते मला यायला आई जावी लागली.

श्रावणातल्या एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. डावा हात माझ्या हातात होता. बाहेर पाऊस नव्हता, वीज गेली होती, लूम बंद होते, गल्ली एकदम शांत होती. मला वाटलं आत्ता सांगितलं नाही तर राहील. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाहिलेलंच होतं, तरी सांगितलं. की मला वाटलं तुम्हाला पेपर हवाय. की मी कडी लावली. की तुम्ही थांबलात तेव्हा मला बरं वाटलं. की मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, दादालाही. मी त्यांचा हात सोडला नव्हता. माझं बोलणं संपलं तरी मी मान खाली घालून नखंच बघत होते.

अण्णा म्हणाले, "पेपर."

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. रागाचा म्हणावा तर नाही, आणि माफीचा म्हणावा असंही त्यात काही नव्हतं. तोपर्यंत मला त्यांचं जवळजवळ सगळं कळत होतं. हे कळलं नाही. मी विचारलं, "अण्णा, परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात सोडवून घेतला, कारण नखं एवढी खाली कापली गेली होती की एका बोटातून रक्त आलं होतं.

पौषात त्यांना कफ झाला, छातीत उतरला. दवाखान्यात चार दिवस होते. शेवटचे दोन दिवस शब्द निघतच नव्हता, नुसते ओठ हलायचे. चाचा काठी टेकत आले, त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. जाताना मला म्हणाले, "थक गए हैं. और कुछ नहीं कह रहे." पहाटे अण्णा गेले.

भाऊ आठ-दहा दिवस राहिला. घराचं काय करायचं यावर आम्ही बोललो. तो म्हणाला, तू राहतेस तोवर राहू दे. दिवाळीच्या त्या प्रकारानंतर तो या विषयावर आवाज चढवतच नाही. निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. मागचं दार उघडं होतं. तेव्हा मी त्याला सांगितलं. दहा मिनिटं नव्हती, दादा. पाऊण तास असेल, तासही असेल. अण्णा ओरडत होते, मी कडी लावली होती.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. बराच वेळ तो अंगणाकडे बघत राहिला. मला वाटलं उठून जाईल. त्याने मला शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मग त्याने विचारलं, "आईने हाक मारली असेल का गं तुला?"

"नाही," मी म्हणाले. "मारली असती तर मला ऐकू आलं असतं."

त्याने तांब्या उचलून माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि ताट घेऊन मोरीकडे गेला. मी तिथेच बसून राहिले. पंखा जोरात होता त्या दुपारी, लूम चालू होते, आणि मधलं दार मी स्वतःच्या हाताने लावलं होतं. मला ऐकू आलं असतं की नाही, मला माहीत नाही.